बेक केलं की पाळीतून पाणी गळतं: फ्लुइड सिम्युलेशनसाठी मेश पक्की कशी करायची

समस्या अशी: ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तलावाची मेश, म्हणजे बिंदू-कडांनी विणलेला आकार, उभी केली आहे. पाळ आहे, तुडुम (पाणी सोडायचं भोकांचं तोंड) आहे, सांडवा आहे. पाणी भरून बेक लावलं, म्हणजे पाण्याच्या हालचालीचा हिशोब करून साठवायला लावला, की तिसाव्या-चाळिसाव्या फ्रेमला पाळीच्या कोरड्या अंगाला थेंब दिसू लागतात. शंभराव्या फ्रेमपर्यंत तिथे डबकं साचतं आणि तलावाची पातळी हातभर उतरते. रिझोल्यूशन वाढवलं तर गळती थोडी कमी होते, थांबत नाही. आणखी वाढवलं तर बेक रात्रभर चालतं आणि सकाळी उठून बघावं तर डबकं तिथेच. दृश्य नवीन घ्या, मेश नवीन घ्या, हा त्रास परत येतोच.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहून हे काम करतो. धानाचा मुलूख आहे. बांध्यांना पाणी येतं ते मामा तलावातून. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी (शेतसारा वसूल करणारी जमीनदारी) गेली, तलाव मात्र राहिले आणि अजून शेतं भिजवतात. आमच्या तलावात गाळ इतका बसला आहे की तुडुमाचं खालचं भोक बुजल्यात जमा आहे. रोवणीच्या दिवसांत शेवटच्या बांध्यांना पाणी पोचत नाही. गाळ काढायचा विषय ग्रामसभेत येणार होता, आणि तिथे दाखवायला मला एका मिनिटाचं ॲनिमेशन करायचं होतं: आज पाणी कसं जातं आणि गाळ निघाल्यावर कसं जाईल.

पहिलं बेक मी गावच्या पाणकर (तलावाचं पाणी सोडणाऱ्या) काकाजींना दाखवलं. त्यांनी मोबाइल डोळ्याजवळ नेला, दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "पाळीतून पानी निघून रायलं ना बाप्पा. असी पाळ असती तं गाव कवाचं वाहून गेलं असतं."

त्यांचं बरोबर होतं. ज्या दृश्यात पाळच गळते, ते दाखवून तुडुमाबद्दल कोणाला काय पटवणार? त्यानंतरचे तीन आठवडे मी फक्त गळतीमागे लागलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो. उदाहरणं ब्लेंडरमधली आहेत, पण घरांच्या जाळीवर पाणी चालवणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरला यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी गळती खरी आहे का ते पाहा

हे मला फार उशिरा सुचलं, म्हणून पहिल्यांदा सांगतो. बेक झालेल्या पाण्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे कण, ज्यांच्या रूपात पाणी खरंच हलतं. दुसरी म्हणजे त्या कणांवर चढवलेली पाण्याची मेश, म्हणजे पाण्याची कातडी. ही कातडी कणांपेक्षा थोडी फुगीर असते. भिंत पातळ असली की कण आतच असतात, पण कातडी भिंतीच्या पलीकडे डोकावते आणि भिंत ओली झाल्यासारखी दिसते.

म्हणून डोमेनच्या, म्हणजे ज्या चौकटीत पाणी चालतं तिच्या, सेटिंगमध्ये पाण्याच्या मेशचा पर्याय बंद करा आणि नुसते कण बघा. कोरड्या बाजूला एकही कण नसेल तर तुमची पाळ पक्की आहे. मग पार्टिकल रेडियस थोडा कमी करा, किंवा दिसणारी भिंत सिम्युलेशनच्या भिंतीपेक्षा किंचित जाड ठेवा. कोरड्या बाजूला कण सापडले तर मात्र पुढचं वाचा.

सॉल्व्हरला तुमची मेश दिसतच नाही

मुख्य गोष्ट ही आहे आणि बाकी सगळं हिच्यातून निघतं. आपण पाळ पाहतो ती तिच्या उतारासकट, पिचिंगच्या दगडांसकट. सॉल्व्हर, म्हणजे पाण्याचा हिशोब करणारा भाग, तसं काही पाहत नाही. तो सगळ्या डोमेनचे सारखे घनाकार सेल पाडतो आणि प्रत्येक सेलसाठी एकच प्रश्न विचारतो: या सेलचं केंद्र अडथळ्याच्या आत आहे की बाहेर, आणि पृष्ठभागापासून किती लांब? पुढचा सगळा हिशोब त्या उत्तरांवर चालतो. मेश तिथून पुढे कोणी विचारात घेत नाही.

ब्लेंडरमध्ये २.८२ आवृत्तीपासून, म्हणजे फेब्रुवारी २०२० पासून, हे काम मांटाफ्लो करतो. त्याची द्रवासाठीची पद्धत फ्लिप नावाने ओळखली जाते. ब्रॅकबिल आणि रुपेल यांनी ती १९८६ मध्ये मांडली आणि झू व ब्रिडसन यांनी २००५ मध्ये ती ॲनिमेशनच्या कामात आणली. तिच्यात पाणी वाहून नेतात ते कण, आणि दाब काढला जातो तो सेलच्या जाळीवर. भिंत कुठे आहे हे कणाला स्वतःला ठाऊक नसतं, त्याला जाळी सांगते. जाळीने चुकीचं सांगितलं की कण निवांत भिंतीतून चालत जातो. यात सॉल्व्हरचा दोष नाही. आपण त्याला भिंतीची खोटी खबर दिलेली असते.

म्हणून मेश उघडण्याआधी कागदावर एक भागाकार करा. डोमेनची सगळ्यात लांब बाजू भागिले रिझोल्यूशन डिव्हिजन, उत्तर येतं ती सेलची बाजू. माझं डोमेन ४८ मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि १२ मीटर उंच होतं, रिझोल्यूशन ९६. म्हणजे सेल ५० सेंटीमीटरचा. आता एकेक वस्तू या मापाने मोजा. पाळ पाण्याच्या रेषेला ४ मीटर जाड, म्हणजे ८ सेल. भरपूर. सांडव्याची दगडी भिंत ४५ सेंटीमीटर, म्हणजे एक सेलसुद्धा नाही. तुडुमाची भोकं १५ सेंटीमीटर व्यासाची. सॉल्व्हरच्या लेखी ती भोकं नाहीतच.

हा हिशोब मांडला तेव्हा कळलं की माझ्या दृश्यात एकाच वेळी दोन उलट चुका होत्या: जिथे भिंत हवी तिथे भिंत नव्हती, आणि जिथे भोक हवं तिथे भोक नव्हतं.

मी पाळतो तो नियम असा: पाणी अडवणारी कुठलीही भिंत कमीत कमी २ सेल जाड असावी आणि शक्यतो ३. ज्या भोकातून पाणी जायला हवं ते ३ सेलपेक्षा लहान नसावं.

गळती कुठल्या जातीची आहे

गळतीकडे नीट पाहिलं तर ती स्वतःच कारण सांगते.

अडथळ्याला पाणी कुठेच जुमानत नसेल, पहिल्या फ्रेमपासून सगळीकडून सारखंच आरपार जात असेल, तर आत-बाहेरचा निवाडाच चुकला आहे. मेश उघडी आहे किंवा नॉर्मल (पृष्ठभागाची बाहेरची दिशा) उलटे आहेत. गळती ठरावीक एक-दोन जागांवरून होत असेल तर तिथे छिद्र असेल किंवा जाडी कमी पडत असेल. आणि पाणी संथ असताना भिंत टिकते, धार आदळते तिथेच फुटते, असं असेल तर पाण्याचा वेग टाइमस्टेपला, म्हणजे हिशोबाच्या एका वेळटप्प्याला, झेपत नाही.

छिद्र की जाडी, हे ओळखायची एक युक्ती मला खूप उपयोगी पडली. डोमेन अर्ध्या सेलने बाजूला सरकवा, बाकी काही बदलू नका, आणि कमी रिझोल्यूशनवर पुन्हा बेक करा. गळती होती तिथेच राहिली तर मेशला छिद्र आहे. गळतीची जागा बदलली तर भिंत पातळ आहे.

का, ते माझ्या सांडव्याच्या भिंतीवरून सांगतो. भिंत १२ मीटर लांब, ४५ सेंटीमीटर जाड आणि डोमेनला किंचित तिरपी, म्हणजे १० मीटरमागे १ मीटर सरकणारी. सेलची केंद्रं ५० सेंटीमीटर अंतरावर. भिंत दोन ओळींच्या मधोमध आली की कुठलंच केंद्र भिंतीत पडत नाही, कारण भिंत त्या अंतराहून ५ सेंटीमीटरने कमी आहे. तिरपेपणामुळे अशी जागा दर ५ मीटरला एकदा येते आणि अर्धा मीटरभर टिकते. माझ्या भिंतीतून बरोबर दोन धारा निघत होत्या, एकमेकींपासून ५ मीटरवर. मी तिथे जाऊन दोन दिवस मेशमध्ये छिद्र शोधलं. छिद्र नव्हतंच. डोमेन २५ सेंटीमीटर सरकवल्यावर दोन्ही धारा अडीच मीटर पुढे गेल्या आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला.

बंद मेश म्हणजे नेमकं काय

पाळीचा प्रश्न वेगळा होता. ती ८ सेल जाड असूनही गळत होती, आणि डोमेन सरकवलं तरी तिथूनच.

सेल आत आहे की बाहेर, हे सॉल्व्हर कसं ठरवतो ते असं समजा. रात्री धानाच्या कोठीत उभं राहून तुम्ही चारी दिशांना, वर-खाली, बॅटरीचा झोत टाकता. प्रत्येक झोत भिंतीवर अडला तर तुम्ही आत आहात. एक जरी झोत कुठे न अडता निघून गेला तर तुम्ही स्वतःला बाहेर समजता. सेलच्या केंद्रातून अशीच किरणांची चाचणी होते. म्हणजे एका बाजूचं झाकण उघडं असलं की आतले सेलच्या सेल बाहेरचे ठरतात, आणि ४ मीटर जाडीची भरीव पाळ सॉल्व्हरच्या हिशोबात पोकळ टरफल होते.

माझ्या पाळीला तळच नव्हता. जमिनीवर टेकलेली वस्तू, खालून कोण बघणार, म्हणून मी खालचा फेस, म्हणजे मेशचा सपाट तुकडा, काढून टाकला होता. रेंडरसाठी (अंतिम चित्र काढण्यासाठी) ही सवय चांगली असते, सिम्युलेशनमध्ये तीच नडते.

तपासायची पद्धत: एडिट मोडमध्ये व्हर्टेक्स (बिंदू) किंवा एज (कड) निवड ठेवा, मग सिलेक्ट मेनूत ऑल बाय ट्रेट आणि त्यात नॉन मॅनिफोल्ड. जी काही कड उजळेल ती दोषी. चांगल्या बंद मेशमध्ये प्रत्येक कडेला बरोबर दोन फेस असतात. एकच असेल तर तिथे उघडं आहे, तीन असतील तर आत एखादी फालतू भिंत अडकली आहे.

माझ्याकडे पाळीचा सगळा तळ उजळला, ते अपेक्षित होतं. कड निवडून एफ दाबला, तळ भरला. पण तुडुमाच्या मागे आणखी एक बारीकशी नारिंगी रेघ राहिली. जवळ जाऊन पाहिलं. तुडुम मी बूलियनने, म्हणजे दोन मेश जोडणाऱ्या-कापणाऱ्या साधनाने, पाळीत बसवलं होतं आणि दोन्हींच्या सांध्यावर व्हर्टेक्सची एक ओळ होती, वरून एकसंध दिसणारी. एक बिंदू धरून जी दाबला आणि हळूच ओढला. तो एकटाच सुटून आला, त्याच्या खाली त्याच जागेवर दुसरा होता. उसवलेल्या शिवणीचा धागा ओढावा तशी ती ओळ उलगडत गेली. टोकाला वितभर मोठा एक त्रिकोणी फेस गायबच होता, बूलियनने खाल्लेला.

ते बिंदू एकमेकांपासून साधारण ३ मिलिमीटरवर होते. जवळचे बिंदू जोडणाऱ्या मर्ज बाय डिस्टन्सचं मूळ अंतर ०.०००१ मीटर असतं, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा, म्हणून त्याने आधी काहीच धरलं नव्हतं. अंतर ०.००५ केलं तेव्हा सगळे जोडले गेले. त्रिकोण हाताने भरला. ३ मिलिमीटरच्या फटीतून ५० सेंटीमीटरचे सेल गळत नाहीत, हे खरं. पण मीटरभर लांब फटीत एखाद्या सेलचा किरण सापडू शकतो, आणि पुढे रिमेश (मेश नव्याने विणणं) किंवा बूलियन लावायचं ठरलं तर अशी उघडी मेश तिथे हमखास घोळ घालते. त्यामुळे नॉन मॅनिफोल्डची यादी रिकामी झाल्याशिवाय मी आता बेक लावत नाही.

जमिनीचं काय? उंच-सखल जमीन बहुतेक जण एका पापुद्र्यासारख्या प्लेनमधून करतात. तशा मेशला आत-बाहेर नसतंच. फ्लुइडच्या सेटिंगमध्ये त्यासाठी प्लॅनर असा पर्याय आहे आणि जोडीला सरफेस थिकनेस आहे. त्याने चालतं. पण मला स्वतःला जमीन भरीव केलेली बरी वाटते: बाहेरची कड निवडून खाली ओढायची, सपाट करायची आणि तळ भरायचा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मग जमिनीबद्दल पुन्हा शंका उरत नाही. एक काळजी घ्या: जमीन आणि पाळ डोमेनच्या भिंतीला नेमकी टेकवून थांबवू नका. दोन-तीन सेल बाहेर जाऊ द्या. नेमकं टेकवलं की कोपऱ्यात हमखास फट राहते, आणि पाणी धुऱ्याचं (शेताच्या बांधाचं) भगदाड शोधावं तसं ती शोधून काढतं.

नॉर्मलसाठी फेस ओरिएंटेशनचा ओव्हरले लावा. लाल कुठेच दिसायला नको. लाल दिसलं की तिथला फेस उलटा आहे. सगळं निवडून शिफ्ट-एन. मेश बंद असेल तर हे एका दमात सुटतं. उघडी असेल तर बाहेर कोणतं हे ब्लेंडरलाही नीट ठरवता येत नाही, म्हणून आधी मेश बंद करा, मग नॉर्मल.

स्केल: डोमेनसकट प्रत्येक वस्तूवर कंट्रोल-ए करून स्केल लागू करा, आणि डोमेन फिरवू नका. शिवाय दृश्य खऱ्या मापात ठेवा. ४ मीटर उंचीवरून पाणी पडायला ०.९ सेकंद लागतात. तीच उंची तुम्ही ४० सेंटीमीटर केली तर ०.२९ सेकंदात पडतं, आणि तलाव खेळण्यातल्या टबासारखा वागतो.

दिसणारी मेश वेगळी, अडवणारी मेश वेगळी

सांडव्याच्या भिंतीवर उपाय काय? खरी भिंत ४५ सेंटीमीटरची आहे, दृश्यातही तेवढीच दिसायला हवी. रिझोल्यूशन वाढवून ती ३ सेलची करायची तर सेल १५ सेंटीमीटरचा लागतो. शिवाय रिझोल्यूशन दुप्पट केलं की सेल आठपट होतात, आणि टाइमस्टेपही बारीक लागतात म्हणून वेळ त्याहून जास्त वाढतो.

मी दोन मेश ठेवतो. एक रेंडरसाठी, हवी तितकी नक्षीदार. दुसरी सिम्युलेशनसाठी, अगदी ठोकळ. सांडव्याची ठोकळ भिंत मी १.५ मीटर जाड केली, म्हणजे ३ सेल. पाण्याकडची बाजू दिसणाऱ्या भिंतीशी जुळती ठेवली आणि सगळी वाढीव जाडी कोरड्या बाजूला ढकलली. पाणी जिथे टेकतं ती बाजू खरी असली की प्रेक्षकाला काहीच कळत नाही. ही ठोकळ भिंत इफेक्टर (पाण्याला अडवणारी वस्तू) करायची, व्ह्यूपोर्टमध्ये तारांच्या रूपात दाखवायची आणि रेंडरमधून बंद ठेवायची. दिसणाऱ्या मेशला फ्लुइडचं काहीच लावायचं नाही. पिचिंगचे दगड, पाळीवरची झाडं, गवत, यातलं काहीही सॉल्व्हरकडे जाऊ देऊ नका. पाण्याला त्याने फरक पडत नाही, फक्त तुम्हाला बिघाडाच्या शंभर जागा मिळतात.

जाडी सॉलिडिफाय मॉडिफायरने देत असाल तर तो मॉडिफायरच्या रांगेत फ्लुइडच्या वर असला पाहिजे. खाली असला तर डोळ्यांना जाड भिंत दिसते, सॉल्व्हरला पातळच मिळते. आणि बऱ्याच वस्तू एकमेकांत घुसलेल्या असतील तर सगळ्यांची एक प्रत जोडून व्हॉक्सेल रिमेश करा. व्हॉक्सेलचं माप सिम्युलेशनच्या सेलच्या साधारण निम्मं ठेवा. त्याहून बारीक करून काही मिळत नाही.

पाळीचा उतार पायऱ्या-पायऱ्यांचा वाटत असेल, पाणी उतारावर अडखळत असेल, तर डोमेनमध्ये फ्रॅक्शनल ऑब्स्टॅकल्स चालू करा. तिरप्या अडथळ्यांसाठीच तो पर्याय आहे.

तुडुमाला वेगळं डोमेन

तुडुमाची गोष्ट मात्र ठोकळ मेशने सुटत नाही. तुडुम म्हणजे पाळीला लागून बांधलेलं पायऱ्यापायऱ्यांचं तोंड. आमच्या तुडुमाला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं आहेत. पाणी उतरेल तसं पाणकर एकेक खालचं भोक मोकळं करतात. माझं सगळं ॲनिमेशन या भोकांबद्दलच आहे, आणि ५० सेंटीमीटरच्या सेलमध्ये १५ सेंटीमीटरचं भोक मावत नाही.

सगळ्या तलावाचे ५ सेंटीमीटरचे सेल केले तर किती होतील, ते काढून पाहिलं: ९६० गुणिले ६०० गुणिले २४०, म्हणजे १३ कोटी ८२ लाखांहून जास्त. माझ्या १६ जीबीच्या मशीनला ते झेपणार नव्हतं. मग तुडुमापुरतं ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ४ मीटर उंच असं वेगळं डोमेन केलं आणि रिझोल्यूशन १२० ठेवलं. सेल ५ सेंटीमीटरचा, एकूण ७ लाख ६८ हजार. आता तुडुमाची ४५ सेंटीमीटरची भिंत ९ सेल जाड झाली आणि भोक ३ सेलचं. दूरच्या दृश्यात मोठं डोमेन, जवळच्या दृश्यात लहान. तलावाचं पाणी लहान डोमेनमध्ये आणायला मागच्या बाजूला एक इनफ्लो (सतत पाणी सोडणारी मेश) ठेवला, म्हणजे पातळी टिकून राहते.

भोकाची ठोकळ मेश करताना गोल भोक मी आठ बाजूंचं केलं आणि किंचित मोठं, १७ सेंटीमीटरचं. नेमक्या ३ सेलच्या भोकात डोमेन जरा इकडेतिकडे झालं तरी एक सेल कमी पडतो आणि धार आचके देत येते.

लाकडी बूच हलणारं आहे, त्यामुळे ते भोकात नेमकं बसवून चालत नाही. भिंतीत दोन सेल घुसेल इतकं मोठं करायचं आणि ओढून बाहेर काढताना इफेक्टरचे सॅम्पलिंग सबस्टेप्स वाढवायचे, नाहीतर दोन फ्रेमच्या मध्ये ते कुठे होतं हे सॉल्व्हरला कळत नाही.

भरलेलं पाणी आणि धारेचा वेग

तलावात सुरुवातीला जे पाणी असतं त्यासाठी आपण एक ठोकळा ठेवतो आणि त्याचं फ्लो बिहेवियर जॉमेट्री करतो. इथे एक फसगत आहे. पाळीचा आतला उतार खाली तलावाकडे पसरत जातो. पाण्याचा ठोकळा सरळ उभ्या बाजूंचा असेल आणि वर पाण्याच्या रेषेला पाळीला टेकत असेल, तर खाली तो पाळीच्या पोटात घुसतो. पातळ भिंत असेल तर पलीकडेही निघतो, आणि मग ते पाणी गळलेलं नसतं, तुम्हीच ते चुकीच्या बाजूला ओतलेलं असतं. ठोकळ्याला पाळीसारखाच उतार द्या आणि अर्धा सेल मागे ठेवा. पहिल्या काही फ्रेममध्ये पाणी आपोआप पसरून टेकतं, त्या फ्रेम कापून टाका. ठोकळा आणि इनफ्लो या दोन्ही मेशसुद्धा बंदच हव्यात, हे विसरायला होतं.

आता वेग. तुडुमाच्या खालच्या भोकावर ३ मीटर पाणी असेल तर धार सेकंदाला साधारण ७.७ मीटर वेगाने निघते. २५ फ्रेमच्या हिशोबाने एक फ्रेम ०.०४ सेकंदाची, म्हणजे एका फ्रेममध्ये पाणी ३१ सेंटीमीटर जातं: ५ सेंटीमीटरच्या सहा सेलहून जास्त. समोरच्या हौदाची भिंत १५ सेंटीमीटर, ३ सेल. कण एका उडीत भिंत ओलांडून पलीकडे. माझ्याकडे हौद नेमका धार आदळते तिथेच फुटत होता. टाइमस्टेपचा मॅक्सिमम ४ होता तो ८ केला, मिनिमम १ चा ४ केला आणि सीएफएल नंबर (एका टप्प्यात पाणी किती सेल जाऊ शकतं ती मर्यादा) १ वर आणला. शिवाय हौदाची ठोकळ भिंत ३० सेंटीमीटर केली. दोन्ही मिळून ते थांबलं. नुसत्या टाइमस्टेपने गळती कमी झाली होती, थांबली नव्हती.

दुरुस्ती केली तरी तेच दिसतं?

मग जुना कॅश, म्हणजे साठवलेलं आधीचं बेक, बघताय. मेश बदलल्यावर बेक फ्री करून नव्याने लावा, आणि शंका असेल तर कॅशचं फोल्डरच बदला. एकदा मी बरोबर केलेली दुरुस्ती चुकीची समजून उलटवली होती, कारण समोर आदल्या दिवशीचं पाणी वाहत होतं. बेकच्या आधी फाइल सेव्ह करा, म्हणजे कॅश तात्पुरत्या फोल्डरमध्ये जात नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात लाइन कधी जाईल सांगता येत नाही. इन्व्हर्टरवर लॅपटॉप दोन-अडीच तास तग धरतो. म्हणून कॅशचा प्रकार मॉड्युलर ठेवतो आणि इज रिझ्युमेबल चालू करतो. डिस्क जास्त लागते, पण बेक थांबवून पुन्हा तिथूनच पुढे नेता येतं. आणि मोठं बेक लावायच्या आधी ४८ रिझोल्यूशनवर ४० फ्रेमचं बेक करून बघतो, फक्त कण. एक लक्षात ठेवा: ४८ वर सेल दुप्पट मोठा असतो, त्यामुळे पातळ भिंती तिथे गळणारच. छिद्र आणि उलटे नॉर्मल पकडायला ही चाचणी चांगली, जाडीसाठी मात्र कागदावरचा भागाकारच खरा.

या सगळ्यानंतर मोठ्या डोमेनचं २५० फ्रेमचं बेक झालं तेव्हा कोरड्या बाजूला एकही कण नव्हता. तुडुमाचं बेक दुसऱ्या रात्री झालं. सकाळी काकाजींकडे गेलो. ते बांधीवर निघाले होते, धुऱ्यावरच उभं राहून त्यांनी पाहिलं. वरचं भोक उघडल्यावर धार लांब पडत नाही, खालचं उघडल्यावर जोरात पडते, हे त्यांनी बोटाने दाखवलं आणि मान हलवली. मग विचारलं, "अन् गाळ कुठी हाय?"

गाळ मी अजून घातलाच नव्हता. त्याच रात्री घातला: तळाशी ६० सेंटीमीटर जाडीची बंद मेश, पाळीत आणि तुडुमात दोन-दोन सेल घुसलेली, इफेक्टर म्हणून. खालचं भोक तिच्या आत गेलं. बेक केल्यावर पाणी वरच्या तीन भोकांतून आलं, चौथ्यातून नाही.